मापावर घातलेली जागा

पदूकाका गेले त्याची बातमी आमच्याकडे कुणी घेऊन आलं नाही. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात अंतर एवढं थोडं, की काकींचा हंबरडा ऐकू आला आणि आम्हाला कळलं. सकाळची वेळ होती. बाबा मागच्या दारात आरसा टेकवून दाढी करत होते, मी कॉलेजला निघायच्या घाईत वेणी घालत होते. आईने हातातलं लाटणं तसंच टाकलं, मागच्या दाराने धावली, कुंपणाच्या दोन काठ्या वाकवल्या आणि लुगडं सावरत पलीकडे गेलीसुद्धा. बाबा तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेले. एका गालावर साबण, हातात वस्तरा. काठीवर हात ठेवून ते उभे राहिले. पलीकडे गवत माजलेला जमिनीचा एक अरुंद पट्टा, त्यापुढे काकांचं अंगण... चार पावलांचं काम होतं. पण बाबांनी पाय उचलला नाही. ते परत आले, तोंड पुसलं, सदरा चढवला, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि दुकानावरून, विहिरीवरून सगळा वळसा घालून रस्त्याने काकांच्या दारात गेले. अर्धी दाढी तशीच राहिली होती. तिथे जमलेल्या माणसांचं त्याकडे लक्ष गेलं नसेल. माझं गेलं, आणि तेव्हापासून ते जात नाही.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्यावर असे लेख येतात ती माणसं वेगळी असतात. त्यांनी काहीतरी मोठं केलेलं असतं. पदूकाकांनी मिठागरावर काम केलं, थोडी भातशेती केली आणि काशीगावाबाहेर फारसे कधी गेले नाहीत. मलाही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अमुक शब्द बरोबर आहे का, हे विचारायला घरात कुणी नाही. पण काका गेल्यावर आमच्या घरात एक प्रकारची शांतता आली आहे, आणि त्या शांततेबद्दल बाबांना काही विचारता येत नाही. म्हणून हा कागद.

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. हायवेलगतच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळालं तेव्हा मी अंगावर पीत होते. आधी आम्ही एका खोलीत भाड्याने राहिलो. मग बाबांची पदूकाकांशी ओळख झाली. ती कशी झाली याच्या दोन हकिगती आहेत. बाबा म्हणत, दुकानावर झाली. काका म्हणत, "झाली कशाची? तुजा बापूस माज्या बांधावरून घसरला, मी हात दिला, तो अजून सोडला न्हाय." गावठाणाच्या कडेला, काकांच्या घराशेजारी, त्यांच्या जागेचा एक तुकडा मोकळा पडून होता. "भाड्याच्या खोलीत किती दिवस ऱ्हाशील? इथं बांध," असं काकाच म्हणाले. कागद झाला, साक्षीदार झाले. पण जागेची मोजणी म्हणून जी झाली ती सरकारी नव्हती. ती काकांच्या बांबूच्या काठीने झाली. त्या काठीने ते शेताचे तुकडे मोजत, मिठागराचे बांधही मोजत.

ही मोजणी आईने पाहिलेली आहे आणि मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे, की मीही तिथे होते असं मला वाटतं. काका काठी जमिनीवर टाकायचे, टोकाशी पाय रोवायचे, उचलून पुढे टाकायचे. बाबा मागून मोठ्याने आकडा म्हणायचे. ठरलेल्या काठ्या पुऱ्या झाल्या, तिथे खुंटी मारायची. पण पूर्वेच्या बाजूला आकडा पुरा झाल्यावर काका थांबले नाहीत. काठी आडवी धरून आणखी थोडे पुढे गेले आणि खुंटी तिथे ठोकली. बाबा म्हणाले, "दादा, चुकलं वाटतं. काठ्या झाल्या." काका म्हणाले, "काठ्या झाल्या. हे वरचं."

आमच्या रत्नागिरीकडेही वर घालतात, पण मासळीवर, भाजीवर. इथेही तारोडी गावाहून एक म्हातारी सुकी मासळी घेऊन यायची. तिने मूठभर सुकट पाटीतून काढून दिली, की आई परात तशीच पुढे धरून बसायची. म्हातारी म्हणायची, "काय गो, अजून काय?" आई म्हणायची, "वर घाल." मग थोडी आणखी पडायची, आणि दोघींचं समाधान व्हायचं. मोजलेलं ते पैशाचं आणि वरचं ते माणसाचं, असा काहीतरी हिशेब त्यामागे असावा. काकांकडे ही रीत फार कडक होती. भात मापून झालं की शेवटच्या मापावर ओंजळभर भात ओतल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे. मिठाच्या पाटीवरही तसंच. त्याशिवाय दिलेलं पुरं होत नाही असं ते म्हणत. जमिनीला ही रीत लावलेली मात्र गावात दुसऱ्या कुणाची मला माहीत नाही. त्यांच्या मनात काय आलं, कुणास ठाऊक. आईने विचारलं होतं तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं होतं, "बायकांना कपडे वाळवाया जागा नको? तुमी खोलीत वाळवत होतात, मी बगत होतो."

त्या वरच्या पट्ट्यात आईची दोरी लागली. घराच्या कोपऱ्यापासून कुंपणाच्या शेवटच्या खांबापर्यंत, लांबलचक. तिच्यावर आईचं लुगडं एका सरळ पट्टीत, दुमड न घालता वाळायचं, आणि तरी बाबांच्या कारखान्याच्या कपड्यांना जागा उरायची. मला माझं लहानपण आठवतं ते त्या दोरीखालचं. कुडाच्या भिंती काकांनीच बाबांना बांधायला शिकवल्या. बाबांच्या हाताने लिंपलेली पहिली भिंत पाहून काका म्हणाले होते, "रत्नांग्री, ही भिंत हाय का भाकरी?" ते बाबांना नावाने कधी हाक मारत नसत. कुंपणापलीकडून सकाळी आवाज यायचा, "रत्नांग्री, चा झाली का न्हाय?" झाली नसेल तर काका यायचे, झाली असेल तरी यायचे. खाडीत चिंबोऱ्या मिळाल्या की आमच्या वाट्याच्या वेगळ्या बांधून आणायचे आणि आई त्या कशा शिजवते हे बघत उभे राहायचे. आईने नारळ जास्त घातला की म्हणायचे, "आता चिंबोरी शोधावी लागंल."

मी प्राथमिक शाळेत असताना बाबांनी कुडाच्या जागी विटांच्या भिंती घालायचं ठरवलं. ग्रामपंचायतीत परवानगी मागायला गेले, तर त्यांना सांगण्यात आलं, की पक्कं घर बांधायचं तर ते स्वतःच्या हद्दीत उभं आहे असा मोजणी खात्याचा दाखला आणि नकाशा हवा. तोपर्यंत गावात कुणाला असा दाखला लागला नव्हता. मातीची घरं उभी राहायची, वाढायची, एकमेकांना टेकायची. पण हायवेच्या बाजूला कारखाने येऊ लागले होते, बाहेरची माणसं जागा विचारत फिरू लागली होती, आणि पंचायतीलाही कुठेतरी रेघ मारणं भाग होतं. बाबा एका सुट्टीच्या दिवशी ठाण्याला जाऊन मोजणीचा अर्ज देऊन आले. त्यांना ही सरळ साधी गोष्ट वाटली होती. जसा रेशनकार्डासाठी अर्ज, तसा हा.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. इथे मोजणी कुणी उगाच आणत नाही. भावाभावांत भांडण झालं, बांध कोरला गेला, डोकी फुटली, की मग मोजणी येते. मोजणी आणली म्हणजे समोरच्याला चोर म्हटलं, असं इथलं धरून चालणं. आणि कायदा असा, की मोजणीच्या आधी शेजारच्या खातेदाराला नोटीस जाते. बाबा काकांना सांगणार होते. त्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी होती. घरी यायचे तेव्हा काका झोपलेले असत आणि उठायचे तेव्हा काका मिठागरावर गेलेले असत. रविवारी निवांत सांगू, असं ते आईला म्हणाले होते. नोटीस शनिवारी आली.

काकांना वाचता येत नव्हतं. ते कागद घेऊन दुकानावर गेले. दुकानदार गुजराती, मराठी अक्षर त्याला लागायचं, पण सांगायचा हिंदीत. त्याने चार माणसांदेखत वाचलं आणि म्हणाला, "पदूभाई, सरकारी नोटिस है. जमीन नापने वाले आ रहे हैं. हाजिर रहो, नहीं रहोगे तो समझेंगे आपको कोई हरकत नहीं." कुणी तरी विचारलं, कुणी आणली मोजणी? दुकानदाराने बाबांचं नाव वाचलं. मग हसायला काय लागतं... "घ्या, रत्नागिरीला जागा दिलीत ना!" असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते काकांनी कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी, बाबा पाळी लवकर सुटून नुकतेच घरी आले होते तेव्हा, काका कुंपणापाशी आले. आत आले नाहीत, ही पहिली वेळ. बाबा घाईघाईने बाहेर गेले. मी दाराच्या आत उभी होते.

"मना नोटीस धाडलीस?"

"मी नाही धाडली, दादा. ती खात्याकडून येते. दाखला हवा आहे भिंतींसाठी. मी उद्या सांगायला येणारच होतो."

"तू उद्या येनार होतास. सरकार आज आलं." काकांनी कागद खिशात घातला. "माजी काठी खोटी वाटली तर मना सांगायचं. मी दुसरी काठी आनली असती."

बाबा खूप बोलले. काका ऐकत होते असं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "मी हाजर ऱ्हानार. माजी हरकत न्हाय असं कुनी समजाया नको, आन हाय असं बी समजाया नको. मी नुसता हाजर ऱ्हानार." आणि गेले.

मोजणीदार आले ते तरुण होते, देशावरचे. तीन पायांवर बसवायची एक फळी, लोखंडी साखळी आणि ती ओढायला दोन माणसं. गावातली बरीच मंडळी बघायला जमली. काका टोपी घालून आले होते. ती टोपी मी फक्त लग्नात पाहिलेली. आईने खुर्ची दिली तर बसले नाहीत. मोजणीदारांना चहा झाला, काकांच्या हातातला कप तसाच गार झाला. साखळी टाकली, उचलली, फळीवरच्या कागदावर टाचणीने खुणा झाल्या. घर बरोबर हद्दीत निघालं. उत्तर, दक्षिण, पश्चिम, सगळं कागदाप्रमाणे. काकांची काठी कुठेही चुकली नव्हती. बाबांनी काकांकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी काकासुद्धा थोडे सैल झाले होते. पूर्वेची बाजू राहिली होती. ती मोजून मोजणीदार म्हणाले, "इथे मात्र कुंपण बाहेर गेलंय. हे अतिक्रमण आहे."

"कुनाचं?" काकांनी विचारलं.

"ह्यांचं. तुमच्या जागेवर."

काका हसले. खरंच हसले, पूर्वीसारखे. "अतिक्रमण न्हाय, सायेब. वरचं हाय ते. मी घातलंय."

"वरचं म्हणजे काय?"

मग काकांनी त्यांना समजावून सांगितलं. भात कसं मापतात, शेवटच्या मापावर ओंजळ कशी ओततात, सगळं हाताने करून दाखवलं. मोजणीदारांनी शांतपणे ऐकलं, याचं मला आजही बरं वाटतं. ते म्हणाले, "काका, मला समजलं. पण नकाशात वरचं दाखवायची सोय नाही. एक तर जागा ह्यांची, नाही तर तुमची. ह्यांना द्यायची असेल तर तसा कागद करून द्या, मी पुढच्या वेळी ती त्यांच्यात धरीन."

"वर घातल्याचा कागद?" काका म्हणाले. "सायेब, कागद क्येला तर ते वरचं कुठं ऱ्हायलं?"

लोक हसले. तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण बाबा हसले नव्हते. अतिक्रमण हा शब्द त्यांनी सगळ्या गावासमोर ऐकला होता. आम्ही बाहेरून आलेली माणसं. कुणाचं काही घेतलं असं कुणी म्हणू नये, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी इथे संसार उभा केला होता. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही जी खरी हद्द असेल तीच दाखवा. मी कुंपण मागे घेतो."

काकांचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. "मागं घेतंस?"

"दादा, उद्या तुमच्या मुलांना कुणी म्हणायला नको..."

"माज्या पोरांचं मी बगीन. तू मागं घेतंस का?"

"घेतो," बाबा म्हणाले.

काका टोपी काढून हातात घेऊन चालू लागले. जाताना त्यांनी आईला सांगितलं, "चा ऱ्हायला, सुमन. रागावू नको."

पुढच्या रविवारी बाबांनी कुंपणाचे खांब उपटून मोजणीच्या खुणेवर आणून रोवले. एकट्याने केलं. आई त्यांना सारखं म्हणत होती, "अहो, थांबा थोडे दिवस, भाऊजींचा राग उतरू द्या." बाबा म्हणाले, "रागाचा प्रश्न नाही. दाखल्यावर माझी सही आहे." दोरी सोडून त्यांनी तोडली, नव्या खांबाला बांधली. उरलेला तुकडा आईने गुंडाळून ठेवला. काका दिसले नाहीत, पण त्यांच्या ओटीवर कुणीतरी बसलेलं होतं. आमच्या बाजूने तिथे नारळाच्या चुडतांचा, विणलेल्या झावळ्यांचा आडोसा होता, त्यामुळे नुसता विडीचा धूर दिसायचा.

ती जागा मग कुणाचीच राहिली नाही. काकांनी ती परत घेतली नाही. त्यांचा नांगर आजूबाजूला फिरला तरी तिथपर्यंत येऊन वळायचा, आणि काकी पावसाळ्यात भेंडी लावायच्या त्याही अलीकडे थांबायच्या. बाबांनी तर तिथे पाऊल टाकलं नाही. माझा चेंडू तिकडे गेला तर मी रस्त्याने वळसा घालून आणायला जायचं, असा नियम झाला. गवत वाढलं. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर कौलं आली, वास्तुशांत झाली. बाबा आदल्या दिवशी रीतसर बोलावणं करायला गेले होते. काका म्हणाले, "येतंव." पण दुसऱ्या दिवशी ते सकाळीच मिठागरावर निघून गेले. काकी आल्या, तांदूळ, नारळ आणि खण घेऊन. जेवल्या, आईबरोबर भांडी घासली आणि जाताना भिंतीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बरी झाली. ही भाकरी न्हाय." हे वाक्य त्यांचं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. बाबा तेवढ्यात बाहेर निघून गेले.

दोघांनी एकमेकांशी भांडण असं कधी केलं नाही. रस्त्यात भेटले तर बाबा "दादा" म्हणायचे, काका मान हलवायचे. पुढे रत्नांग्री ही हाक आली नाही, एवढंच. इतकी वर्षं एवढंच. मी मॅट्रिक पास झाले तेव्हा आईने मला पेढे घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. काकांनी पेढा तोंडात टाकला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता कालेजात जानार?"

"हो, काका."

"तिथं मोजनी शिकवतात का?"

"नाही, काका."

"मग जा. बरं हाय." मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "बापसाला सांग..." मी थांबले. त्यांनी हातातली विडी उगाच उलटीसुलटी केली. "काय न्हाय. जा."

मी घरी येऊन बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी विचारलं, "काय सांग म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही म्हणाले." त्यांनी घास घेतला नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "म्हणजे नक्की काय म्हणाले?"

मी तो नकाशा अनेकदा काढून पाहिला आहे. ट्रंकेत, आईच्या लग्नाच्या शालूखाली तो असतो. त्यात एक ठळक रेघ आहे आणि तिच्या बाहेर एक तुटक रेघ आहे. तुटक रेघ म्हणजे तेव्हाचं कुंपण. नकाशा चुकलेला नाही. मोजणीदारही चुकले नव्हते. आता तर आमच्या भागात रोज कुठे ना कुठे साखळी पडते आहे, जागांना भाव आले आहेत, आणि ज्यांच्याकडे असा दाखला नाही त्यांना तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मलाही कुणी विचारलं तर मी आधी मोजणी करून घ्या असंच सांगेन. फक्त आधी शेजारी जाऊन चहा प्या, हेही सांगेन. बाबा चुकले का, असं मी स्वतःला विचारते. ते प्रामाणिक होते. काकाही प्रामाणिक होते. दोघांपैकी एक जरी थोडा कमी मानी असता... पण मग ते दोघे एकमेकांचे मित्र झाले असते की नाही, कोण जाणे.

तेराव्यानंतरच्या एका रविवारी बाबा मला म्हणाले, "काकींकडे जाऊन येऊ." आम्ही रस्त्याने गेलो. काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चटई टाकली, पण बाबा चटईवर न बसता भिंतीला टेकून बसले. मग बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "वहिनी, ती मधली जागा... मी कुंपण पुन्हा पहिल्यासारखं करू का? तुमची हरकत नसेल तर." त्यांना हे बोलायला किती कष्ट पडले ते मी बघत होते.

काकींनी सुपातून मान वर केली नाही. "मना काय इचारता, भावजी? माजी कधी हरकत नव्हती. ज्याला इचारायचं तो ऐकाया बसलेला होता की इथं." मग त्यांनी बाबांच्या मागे बोट केलं. "इथंच. तुमी बसलात तिथंच."

मी पाहिलं. बाबांच्या डोक्याच्या थोडं वर, भिंतीवर तेलाचा एक काळा गोल डाग होता. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी डोकं टेकल्यावर पडतो तसा. तिथे बसलं की रस्ता दिसत नाही, विहीर दिसत नाही. समोर चुडतांचा आडोसा येतो. पण आडोसा तिथे मधोमध फाकवलेला होता, आणि त्या फटीतून पलीकडे आमचं मागचं दार सरळ समोर दिसत होतं. आमच्या बाजूने हे कधी कळलं नव्हतं.

"मी बोलायची, रस्त्याकडं तोंड करून बसा, मानसं दिसतील," काकी म्हणाल्या. "न्हाय. सकाळी चा घेऊन हितंच. आन रोज तेच एक बोलायचं... दोरी तोकडी पडते त्या बायची."

बाबांनी मान वळवली. पलीकडे आई धुणं घेऊन बाहेर आली होती. आम्ही तिला बघतो आहोत हे तिला माहीत नव्हतं. तिने लुगडं पिळलं, झटकलं, मधोमध दुमडलं, मग पुन्हा एकदा दुमडलं आणि दोरीवर टाकलं. तरी त्याचं टोक जमिनीला लागत होतं; ते तिने उचलून वर खोचलं. बाबांच्या सदऱ्याला जागा उरली नाही. तो हातात घेऊन ती थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिली आणि शेवटी तिने तो कुंपणाच्या खांबावर उलटा घातला.